लॅबवाला गेला, काम राहिलं

नमस्कार श्रोतेहो. फिल्मच्या कॅमेऱ्याकडून आपण डिजिटल एसएलआरकडे, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्याकडे, कसे आलो, हा विषय निघाला की लोक मेगापिक्सेलपासून सुरुवात करतात. मी लॅबवाल्यापासून करणार आहे. फिल्म गेली हे सगळ्यांना दिसलं. तिच्याबरोबर फोटोग्राफरच्या मागे उभा असलेला एक माणूसही गेला, आणि त्याचं सगळं काम फोटोग्राफरच्या अंगावर येऊन पडलं. हे कळायला बऱ्याच जणांना वेळ लागला.

तो माणूस काय करायचा? दादरच्या किंवा गिरगावातल्या हॉलमधलं लग्न उरकलं, की रोल लॅबला धुवायला पडायचे. तिथे ३७.८ अंश सेल्सिअसच्या डेव्हलपरमध्ये रोल सव्वातीन मिनिटं राहायचा, पुढचे सोपस्कार व्हायचे आणि मग निगेटिव्ह प्रिंटिंगच्या मशीनवर यायची. मशीनसमोर बसलेल्या माणसाच्या बोटांखाली बटणं असायची. एक डेन्सिटीचं, म्हणजे प्रिंट किती गडद ते ठरवणारं, बाकीची यलो, मॅजेंटा, सायन या रंगांची. एकेक फ्रेम नजरेखालून जायची आणि तो क्षणभरात ठरवायचा, की हा चेहरा काळवंडलाय, ही भिंत हिरवी मारतेय. दोन बटणं दाबली, पुढची फ्रेम. आपल्या हातात यायचा तो पोस्टकार्ड साइजचा साजरा प्रिंट, आणि कौतुक व्हायचं फोटोग्राफरचं.

त्यात कलर निगेटिव्ह हा मुळात सोशिक माल. दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट प्रकाश पडला तरी ती फारशी कुरकुर करत नाही. म्हणून लग्नवाल्यांचा शिरस्ता असा, की शंका आली तर थोडा जास्तच प्रकाश द्या. सावलीतला तपशील आला पाहिजे, उजेडाचं लॅबवाला बघून घेईल.

डिजिटल एसएलआरनं हा शिरस्ता उलटा केला. सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली, प्रकाश टिपणारी चिप. तिचा एकेक ठिपका ठरावीकच प्रकाश साठवू शकतो. तो भरला, की त्यापुढे नुसतं पांढरं. तिथे काही नोंदलंच गेलेलं नसतं, त्यामुळे नंतर काढायचं म्हटलं तरी काही निघत नाही. आता आपल्या लग्नात बघा. पांढरा अंतरपाट, नवरदेवाचं पांढरं सोवळं, कपाळावर मोत्यांच्या मुंडावळ्या आणि जवळून मारलेला फ्लॅश. निगेटिव्हवर हे सगळं निभावून जायचं. सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर अंतरपाट म्हणजे फोटोत कापलेलं भोक दिसायचं. जे आधीपासून ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे स्लाइडवर काम करत होते, त्या जाहिरात आणि मासिकवाल्या फोटोग्राफरना हे सोपं गेलं. स्लाइडही जास्तीचा प्रकाश अजिबात सोसत नाही आणि तिथे मध्ये सावरून घेणारा कोणी नसतो. तोपर्यंत त्यांना जरा शिष्ट म्हणायची पद्धत होती, असो.

रंगाचंही तेच. वधू पिवळ्या अष्टपुत्रीत, आणि डोक्यावर व्हिडिओवाल्याचा हॅलोजन, तोही पिवळा. साधी फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, म्हणजे केल्विन या उजेडाच्या रंगाच्या मापात साधारण ५५०० साठी बनवलेली. हॅलोजनचा उजेड ३२०० च्या आसपास. हा फरक लॅबमधला माणूस बटणांवर काढायचा. डिजिटलमध्ये त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात आणि तो तुम्ही लावायचा. ऑटोवर ठेवला, तर त्या काळातले कॅमेरे हॅलोजनखाली हमखास फसायचे, आणि साडीचा, हळदीचा, चेहऱ्याचा असा सगळा एकच रंग व्हायचा. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची नोंद, घेतली असेल तर घरी बसून सुधारता येई. पण घरी बसायचं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रात्री दोनपर्यंत कॉम्प्युटरपुढे. लॅबवाला याचेच तर पैसे घेत होता!

थोडा इतिहास सांगतो. १९९१ साली कोडॅकनं डीसीएस १०० काढला. निकॉनच्या एफ ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर, आणि चित्रं साठवायला खांद्याला लटकवायची वेगळी पेटी. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये असलं काही घेऊन चढून दाखवावं. १९९९ मध्ये निकॉनचा डी १ आला, २.७ मेगापिक्सेलचा, जपानात किंमत साडेसहा लाख येन. तो वर्तमानपत्रांसाठी होता. बातमीचा फोटो वेळेत पानावर लागणं महत्त्वाचं, पोस्टरएवढा मोठा करणं नव्हे. २००३ मध्ये कॅननचा ईओएस ३०० डी आला. ६.३ मेगापिक्सेल, आणि अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत ८९९ डॉलर. पुढच्या वर्षी निकॉनचा डी ७०. या दोघांनी हौशी माणसाला आणि छोट्या स्टुडिओवाल्याला आत घेतलं. फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांमध्ये त्यानंतर ‘रोल आहे का’पेक्षा ‘कार्ड केवढ्याला’ हे जास्त ऐकू यायला लागलं.

पण हा ३०० डी बघा. सेकंदाला अडीच फोटो, आणि सलग चारच. चार झाले, की कार्डावर लिहून होईपर्यंत थांबा. ‘शुभमंगल सावधान’ झालं, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडताहेत, सगळे हात वर आणि कॅमेरा गप्प! मोटर लावलेला फिल्म कॅमेरा छत्तीस फ्रेम सुसाट ओढायचा. त्यामुळे ‘डिजिटलला फोटो फुकट, कितीही काढा’ हे बोलणं पहिल्या काही वर्षांत अर्धंच खरं होतं. २५६ एमबीच्या कार्डावर रॉ फाइली मावायच्या त्या साधारण एका रोलइतक्याच.

आणखी एक अडचण मुंबईत फारच जाणवली. या कॅमेऱ्यांचा सेन्सर ३५ एमएमच्या फ्रेमपेक्षा लहान. निकॉनमध्ये जुन्या लेन्सचा आकडा दीडपटीनं वाढलेला धरायचा, कॅननमध्ये १.६ पटीनं. म्हणजे तुमची जुनी २८ एमएमची वाइड लेन्स निकॉनवर ४२ सारखी वागणार, आणि फ्रेममध्ये कमी मावणार. शिवाजी पार्कात सीमारेषेबाहेर बसून क्रिकेटचे फोटो काढणारा खूश, कारण त्याची २०० ची लेन्स बसल्या जागी ३०० झाली. पण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत साखरपुडा आहे, त्यानं काय करायचं? पाठ भिंतीला टेकलेली, मागे सरकायला जागा नाही, आणि फ्रेममध्ये मुलीचे आईवडील मावत नाहीत. दाराबाहेर गॅलरीत उभं राहून फोटो काढलेले लोक मला माहीत आहेत. निकॉननं २००३ मध्ये खास या सेन्सरसाठी १२ ते २४ एमएमची लेन्स काढली, पण ती प्रत्येकाच्या खिशाला झेपणारी नव्हती.

धूळही तशीच. फिल्ममध्ये दर फोटोला नवा, कोरा तुकडा पुढे येतो. कण पडला तरी तो पुढे निघून जातो. सेन्सर आहे तिथेच असतो. एखाद्या बांधकामाशेजारी लेन्स बदलली, की पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी काळा ठिपका. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक, एफ १६ इतकं बारीक केलं, की तो आणखी ठळक. सेन्सर साफ करणंही आता तुमच्याचकडे आलं.

आता लॅबवाल्याचं शेवटचं काम सांगतो, ज्याकडे आपलं कधीच लक्ष नव्हतं. प्रिंटबरोबर तो निगेटिव्हच्या पट्ट्या कापून पाकिटात घालून द्यायचा. तोच आपला संग्रह. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरच्या कपाटांत पाणी शिरलं, तेव्हा पाण्यात भिजलेल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या. तेव्हा ‘बरं झालं डिजिटल आलं’ म्हणणारे भेटले. पण पाण्यात बुडालेली हार्ड डिस्कही सहजासहजी काही परत देत नाही. निगेटिव्हचा निदान सुका राहिलेला गठ्ठा उजेडाकडे धरला, तर आजही चेहरा ओळखता येतो.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणाकडे २००२ ते २००६ च्या सुमाराच्या लग्नाची किंवा मुंजीची सीडी असेल, तर ती कपाटातून काढून बघा. घरच्या घरी लिहिलेल्या त्या सीड्यांचा थर दमट हवेत खराब होतो. एका कॉम्प्युटरवर उघडली नाही तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा, कधी कधी त्यावर ती वाचता येते. उघडली की दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा, शक्यतो वरच्या मजल्यावर. रॉ फाइली असतील तर त्या जेपेग केल्यावर पुसून टाकू नका. आजची सॉफ्टवेअर त्याच फाइलींतून तेव्हापेक्षा चांगले रंग काढतात. नमस्कार.