सुभद्रा कोण करणार?

[चित्रपटाचं पहिलं दृश्य: बडोद्यातल्या सूरसागर तळ्याचं पाणी, उतरता उजेड. तिथून दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराची गच्ची. सतरंजी, पातेल्यात आटणारं दूध.]

कोजागिरीची रात्र. लांबून कुठल्याशा मैदानातल्या गरब्याचा ढोल ऐकू येतोय. इथे गच्चीवर मसाला दुधाचं पातेलं आहे, आणि शेजारच्या बेननी धाडलेले दूध-पौंआ. बडोद्यातल्या मराठी घरी कोजागिरी अशी दोन वाट्यांत येते.

आठ जण बसले आहेत. सगळ्यांत लहान तबला शिकणारा एक मुलगा, एकोणीस वर्षांचा. सगळ्यांत मोठ्या आमच्या आत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मध्ये एक चाळीस पानी वही, आणि तिच्यावर आत्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलेलं एकच नाव: संगीत सौभद्र. अण्णासाहेब किर्लोस्करांचं जुनं संगीत नाटक.

खेळ असा आहे. सौभद्र पुन्हा उभं करायचं, अगदी नव्यानं. पैशाची अडचण नाही, तारखांची नाही, थिएटरची नाही. तर मग कुठलं काम कुणाला द्यायचं? नियम एकच. माणूस हयात असण्याची अट नाही.

वहीत तीन रकाने आखले आहेत. पहिला, गेलेल्यांचा. दुसरा, आज गाणाऱ्यांचा. तिसऱ्या रकान्यावर नुसतं ‘बडोदं’ लिहिलंय. तिकडे आपण सावकाश जाऊ.

[दृश्य: वहीवर झुकलेली डोकी.]

खेळ सुरू झाला की सगळे आधी सुभद्रेवर तुटून पडतात. मला मात्र वाटतं, सौभद्राचं वाटप कृष्णापासून करायला हवं. नाटकाचं नाव सुभद्रेचं. विरहात झुरतो अर्जुन. बलरामदादा बहीण दुर्योधनाला देऊन मोकळे होणार आहेत. आणि या सगळ्याच्या दोऱ्या धरून घरात हसतमुखानं वावरतो तो कृष्ण. मोठ्या भावाला उलटून बोलायचं नाही, पण त्याच्या मनासारखंही होऊ द्यायचं नाही. अर्जुन संन्याशाच्या वेशात येतो आणि बलरामच त्याच्या पायाशी लागून बहिणीला त्याच्या सेवेला ठेवतो. द्वारकेचा राजवाडा म्हणायचा, पण आतली माणसं आपल्या माजघरातली आहेत.

म्हणून कृष्णाच्या गळ्यात हसू लागतं. नुसता पल्लेदार आवाज असून भागत नाही.

पहिल्या रकान्यात कृष्णापुढे एकच नाव आलं, तेही एकमतानं: गायक-नट छोटा गंधर्व. आत्यांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलंय. रुक्मिणीला उठवताना म्हटलेलं ‘प्रिये पहा’ त्यांनी ऐकलंय. देसकारातलं, पहाटेचं पद. आत्या म्हणाल्या, “तो माणूस गात नव्हता रे, बायकोची समजूत काढत होता. ताना येत होत्या, पण समजुतीच्या मागून येत होत्या.” गच्चीवर क्षणभर कुणी बोललं नाही. संगीत नाटकातलं गाणं कसं असावं हे मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रकान्यात मात्र वाद पेटला. अर्ध्यांना राहुल देशपांडे हवे होते, अर्ध्यांना महेश काळे. २०१० साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हा खाँसाहेबांचं काम राहुल देशपांडे करत होते आणि सदाशिवचं महेश काळे, त्यामुळे दोघांचे चाहते एकाच घरात सापडतात. बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका घरी ऑर्गन वाजवतात. त्यांनी तोडगा काढला: “एकाला कृष्ण द्या, दुसऱ्याला अर्जुन. समोरासमोर उभे करा.”

असं खरोखर घडलेलं आहे, ते या निमित्तानं सांगायला हवं.

[दृश्य: जुन्या नाट्यगृहाचा मखमली पडदा, बंद.]

८ जुलै १९२१. मुंबई. खाडिलकरांचं ‘मानापमान’. एका बाजूला गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, दुसऱ्या बाजूला ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मालक-नट, आणि गावोगाव दोघांच्या नावानं भांडणारे रसिक. टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एका रंगमंचावर आले. बालगंधर्व नायिका भामिनी, केशवराव नायक धैर्यधर. लोक ज्या वाटपाची स्वप्नं बघत होते ते त्या रात्री समोर उभं राहिलं. संयुक्त मानापमान म्हणून आजही त्या प्रयोगाचं नाव निघतं.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. अवघे एकतीस वर्षांचे. त्या जुलैच्या रात्रीनंतर तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

म्हणून गच्चीवरच्या पहिल्या रकान्यात अर्जुनापुढे केशवरावांचं नाव आहे. आणि सुभद्रेपुढे बालगंधर्व. ज्यांची गाठ भामिनी आणि धैर्यधर म्हणून पडली, त्यांना इथे सुभद्रा आणि अर्जुन म्हणून परत एकत्र आणलंय. कागदावर का होईना.

[दृश्य: तबल्यावर हातोडीनं सूर लावणारी बोटं.]

आता थोडं तांत्रिक. नव्यानं हे नाटक बसवायचं म्हणणाऱ्या कुणालाही हे टळणार नाही.

किर्लोस्करांच्या काळात सुभद्राही पुरुषच करायचे. अर्जुन आणि सुभद्रा एकामागून एक पद म्हणायचे तेव्हा दोघांच्या पट्टीत, म्हणजे गाण्याच्या मूळ सुरात, फार अंतर पडत नसे. आज सुभद्रा बाई करते. तिचा सूर ऑर्गनच्या काळ्या पट्ट्यांवर मोजला तर साधारण काळी चार किंवा पाच, आणि अर्जुनाचा काळी एक किंवा दोन. म्हणजे एकाच प्रवेशात षड्ज इथून तिथे उडी मारतो. ऑर्गनवाला दुसऱ्या पट्टीवरून धरून घेईल. तबलजीला मात्र दोन तबले लावून शेजारी ठेवावे लागतात. संवाद चालू असताना, प्रेक्षकांना कळू न देता, हळूच दुसरा पुढे ओढायचा. मूळ सौभद्रात शंभराहून अधिक पदं आहेत. साक्या, दिंड्या, अंजनीगीतं असे त्यांचे जुने प्रकार. आजच्या तीन तासांत त्यांतली थोडीच मावतात. जी मावतात त्यांतसुद्धा ही ओढाताण असतेच.

आमचा तबल्याचा विद्यार्थी हे सांगताना उठून उभाच राहिला. “कलाकार कोण ते तुम्ही ठरवा. पण दोघांच्या पट्ट्या मला आधी सांगा.” तो जिथे शिकतो ती संस्था सूरसागरच्या काठावर आहे. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स शाखा आहे.

दुसऱ्या रकान्यात सुभद्रेपुढे त्यानंच नाव सुचवलं: प्रियांका बर्वे. ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आलं त्यात तिनं अनारकली केली, आणि एवढ्या मोठ्या पसाऱ्यात प्रत्यक्ष गायली. चालत, वळत, बोलत गायचं म्हणजे काय ते तिला माहीत आहे, हा त्याचा मुद्दा. आत्यांना संगीत रंगभूमीवरच्या जयमाला शिलेदार आठवत होत्या, कीर्ती शिलेदार आठवत होत्या. त्यांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाल्या, “लिही.”

[दृश्य: रावपुऱ्याचा रस्ता, रात्रीचे दिवे. मग दांडिया बाजारातल्या गल्ल्या.]

आता तिसरा रकाना.

या रकान्यासाठी मी हा चित्रपट करतोय. कारण सौभद्राची सुभद्रा मुळात बडोद्यानंच दिली.

लक्ष्मण बापूजी कोल्हटकर. घरी-दारी भावड्या. जन्म ९ मार्च १८६३, बडोद्यात. सरकारी कचेरीत कारकुनी करायचा आणि गायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांना स्त्री-भूमिकेसाठी गाता गळा हवा होता. त्या शोधात ते इथवर पोचले, आणि १८८२ साली त्याला आपल्या मंडळीत घेऊन गेले. १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात सौभद्राचे पहिले तीन अंक रंगले. मोरोबा वाघोलीकर अर्जुन, बाळकोबा नाटेकर कृष्ण, आणि सुभद्रा आमचा भावड्या. पुढे महाराष्ट्र त्याला भाऊराव कोल्हटकर म्हणून ओळखू लागला. १९०१ मध्ये तो गेला, अडतीस पुरी व्हायच्या आत. त्याचा आवाज आज ऐकता येत नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी लिहून ठेवलं तेवढंच आपल्या हाती.

कारकुनाच्या खुर्चीतून रंगमंचावर. त्याचं नाव तेव्हा कुणाच्या यादीत असणार? कुणीतरी येऊन ऐकलं, म्हणून भाऊराव झाला. नंतर याच बडोद्यानं गंधर्व मंडळीला राजाश्रय दिला, त्याचं आम्हा बडोदेकरांना कौतुक आहे. पण मला भावड्याची गोष्ट जास्त जवळची वाटते. आश्रय नाव झाल्यावर मिळतो. भावड्याला नाव नव्हतं, नुसता गळा होता.

म्हणून हा तिसरा रकाना मी हट्टानं आखायला लावला. इथे फक्त गावातली माणसं.

नारद लगेच ठरला. कीर्तनकाराला वेगळा नारद व्हावं लागत नाही, तो उभाच नारदाच्या गादीवर असतो. वीणा हातात, चिपळ्या हातात, आणि समोरच्याला कुठे गुंतवायचं, कुठे सोडवायचं, ते रोजचं. आत्यांच्या ओळखीत असे एक बुवा आहेत. वय झालंय, पण शब्द अजून स्वच्छ पडतो.

बलराम आणि घटोत्कच यांच्यासाठी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचं ठरलं. प्रोफेसर माणिकरावांचा हा आखाडा या भागाचा अभिमान. काकांचं म्हणणं असं, की बलरामाचा राग खांद्यांत दिसला पाहिजे, नाहीतर कृष्णाच्या गोड बोलण्याला अर्थ राहत नाही. हे मला पटलं. सौभद्राच्या प्रयोगात बलरामाकडे फार कमी लक्ष दिलं जातं. तो खरा रागावला, तरच सुभद्रेची भीती खरी वाटते.

रुक्मिणी एका शाळेच्या शिक्षिका करतील. अर्जुनावर दोन नावं आहेत, दोन्ही पुढे-मागे.

[दृश्य: वहीचं पान जवळून. तिसऱ्या रकान्यातली एक जागा कोरी.]

इतक्यात शेजारच्या बेन रिकामं भांडं न्यायला वर आल्या. त्यांना सौभद्र माहीत नाही, पण इतका वेळ जिन्यातून ऐकत होत्या. वहीकडे बघून म्हणाल्या, “बधुं थयुं, पण सुभद्रा कोण करशे?”

कुणाकडेच नाव नव्हतं.

गाणाऱ्या मुली आहेत. गायनशाळेत आहेत, घरोघरी शिकणाऱ्या आहेत. पण ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणताना जिला खरंच कुठे जावं कळत नाहीये, अशी कोण? ख्याल छान म्हणते म्हणून तिला सुभद्रा द्यायची, की बोलते छान म्हणून? काका गळ्याच्या बाजूचे, आत्या बोलण्याच्या. मी आत्यांच्या बाजूनं आहे. किर्लोस्करांची पदं संवादातूनच उगवतात. बोलता बोलता सूर लागला पाहिजे. ज्या मुलीचं बोलणं कोरडं, तिचं पद कितीही सुरेल झालं तरी वेगळं चिकटवल्यासारखं वाटेल.

दूध संपलं. गरबा अजून चालूच होता. मी वही मिटायला गेलो तर आत्यांनी हात धरला. म्हणाल्या, “नुसतं लिहून ठेवू नका. ऐका कुणालातरी.”

[दृश्य: दुसऱ्या आठवड्यातली सकाळ. काकांची बैठकीची खोली. उघडा ऑर्गन.]

काकांच्या ऑर्गनचा भाता एका कोपऱ्यात फाटला होता. पायटा मारला की हवा आधी तिथून जायची आणि सूर मागून यायचा. त्यांनी कातड्याची पट्टी आणून सरसानं चिकटवली आहे. काल रात्रभर वर पाटा ठेवला होता.

आता ते पायटा मारून बघताहेत. काळी चार. सूर धरून राहतोय.

मुलानं दोन तबले आणलेत. आत्या खुर्ची भिंतीकडे सरकवून बसल्या आहेत, डोळे मिटून. त्यांना मुलीचा चेहरा आधी बघायचा नाहीये.

पहिली मुलगी साडेनऊला येणार आहे.