निळ्या विहारात बडोद्याची मंडळी

(दृश्य: निळं छत, पायऱ्यांवरचे नाग, चपला काढणारी माणसं)

उत्तर थायलंडमधलं चिआंग राय. कोक नदी ओलांडली की हा विहार लागतो, वाट रोंग सुआ तेन. थाईत ‘वाट’ म्हणजे विहार. प्रवासी नुसतं ‘ब्लू टेंपल’ म्हणून मोकळे होतात. जुनंपुराणं काही शोधायला आलात, तर हाती लागणार नाही. इथलं मूळ देऊळ कधीच मोडून पडलं होतं. नवं काम २००५ मध्ये सुरू झालं आणि मुख्य सभागृह पुरं व्हायला २०१६ उजाडलं.

आज आपल्यासोबत बडोद्याची मराठी बौद्ध कुटुंबं आहेत. १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना जातीमुळे शहरात राहायला जागा मिळाली नाही, तेव्हा ते कमाटीबागेत एका झाडाखाली बसले. ती जागा म्हणजे संकल्पभूमी. दर २३ सप्टेंबरला निळे झेंडे घेऊन तिथे जमणारी ही माणसं.

यांच्या घरच्या विहारात पांढऱ्या भिंती, बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्ती, अगरबत्ती. झालं. त्यामुळे दारातच एका काकांची कुरकुर सुरू होते. “एवढा थाट कशाला? बुद्धानं राजवाडा सोडला तो काय यासाठी?”

प्रश्न रास्तच आहे. पण काकांनी उभी हयात पाट्या रंगवल्यात, जयंतीच्या फलकांवरचे बाबासाहेबही त्यांच्याच हातचे. चष्मा कपाळावर चढवून ते कमानीपाशी जातात. निळ्या उठावाच्या वेलबुट्टीवर सोनेरी रेघ आहे. वळणावर जाड होणारी, टोकाला केसासारखी बारीक. “ब्रश पाहा कसा उचललाय,” काका म्हणतात. थाटाचा विषय तिथेच संपतो.

इथले चित्रकार फुत्था काबकेव हे चालेर्मचाई कोसितपिपात यांचे शिष्य. गुरूंनी याच शहराजवळ १९९७ पासून पांढराशुभ्र वाट रोंग खुन उभारला आणि त्याच्या भिंतींवर चक्क सुपरमॅनला जागा दिली. शिष्याचं धाडस आहे ते रंगात.

(दृश्य: सभागृहाचा अंतर्भाग)

आत ६.५ मीटर उंच पांढरी बुद्धमूर्ती. भिंतींवरचा निळा तिच्या गालांवर, खांद्यांवर उतरलेला. आपल्या मंडळींतल्या सगळ्या ताई पाय मागे दुमडून बसतात. मूर्तीकडे तळवे करायचे नाहीत, हा इथला दंडक. आपल्याकडे तरी वेगळं काय शिकवतात?

शेजारचं थाई कुटुंब हात जोडतं. “नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स.” त्यांच्या तोंडी ‘भगवतो’चा ‘फखवतो’ होतो, चालही परकी. पण पाली तीच. वंदना तीनदा म्हणायची असते, दुसऱ्या वेळेला ताईंचे आवाज त्यात मिसळतात. थाई आजी वळून बघतात, हसतात आणि तिसऱ्यांदा जरा सावकाश म्हणतात.

(दृश्य: आवार, आईस्क्रीमची गाडी)

बाहेर नारळाचं निळं आईस्क्रीम मिळतं. रंग गोकर्णाच्या फुलांचा. मुलांच्या जिभा निळ्या झाल्यात, मोठ्यांच्याही. खाता खाता ठरतं की घरच्या विहाराची मागची भिंत निळी करायची. ताईंना झेंड्याचाच निळा हवा. काका म्हणतात, तो भिंतीवर अंगावर येईल, थोडा पांढरा मिसळू. वर्गणीचं अजून कोणी काढलेलं नाही.