ज्याच्या त्याच्या मागाची वही

(यंत्रमाग. दहा सेकंद फक्त खडखडाट.)

अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. टॉवेलचे माग. मजुरी नगावर, म्हणून मोजदाद रोजची. ही वही बघा. तेलकट कोपरे, पेन्सिलीच्या चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ज्याची वही त्याच्याच मागाला सुतळीनं अडकवलेली. बेरजेला दिवाणजी संध्याकाळी येतात. दर टॉवेलमागे त्यांच्या टेबलापाशी जाऊन नोंद करायची म्हटली, तर माग बंद ठेवून रांगेतच उभं राहावं लागेल.

(कॉलेजची लॅब. स्क्रीनवर 'टॉप'.)

याच शहरातली एक लॅब. 'टॉप' म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारं साधन. त्यातला हा 'रेस' रकाना सांगतो, कोणत्या प्रोग्रॅमनं किती मेमरी व्यापली आहे. मोजतो कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी ठरावीक तुकड्यांत वाटली जाते, त्यांना पानं म्हणतात. इथं एक पान ४ केबीचं. पान मिळालं की आकडा वर, सुटलं की खाली. दर प्रोसेसमागे, म्हणजे दर चालू प्रोग्रॅममागे, असे ४ आकडे.

एका प्रोग्रॅमचे शंभर थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, प्रोसेसरच्या शंभर कोअरवर पळत असले, की सगळ्यांना तोच आकडा बदलायचा असतो. तो राहतो एका कॅश लाइनमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जलद मेमरीच्या एका तुकड्यात, बहुतेक मशीनवर ६४ बाइटच्या. ती लाइन लिहिण्यासाठी एका वेळी एकाच कोअरच्या ताब्यात असावी लागते. एकानं लिहिलं की बाकीच्यांच्या प्रती बाद, मग पुन्हा ओढाताण. काम बाजूला राहतं आणि वेळ मोजण्यात जातो.

आधीची सोय अशी होती: हिशेब प्रत्येक थ्रेडनं जवळ ठेवायचा, ६४ घटनांनंतर मुख्य आकड्यात भरायचा. थ्रेड हजारोंनी वाढले तसा मुख्य आकडा आणि खरा आकडा यांतला फरकही वाढत गेला. २०२२ मध्ये कर्नलचे एक डेव्हलपर शकील बट यांनी बदल सुचवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये लिनक्स ६.२ मधून तो आला. आता वही थ्रेडची नाही, कोअरची.

(कोडचा क्लोज-अप. स्क्रीनवर एका विद्यार्थिनीचं बोट.)

ही ओळ नीट बघा. कोअरची नोंद एका बॅचपर्यंत साठते. बॅच म्हणजे ३२ किंवा कोअरच्या संख्येची दुप्पट, यातलं मोठं असेल ते. भरली की मुख्य आकड्यात जमा. लॅबमधल्या ८ कोअरच्या या मशीनवर मुख्य आकड्यातला फरक १ एमबीच्या आत राहतो. १२८ कोअरच्या सर्व्हरवर तो १२८ एमबीच्या जवळ जाऊ शकतो. कोअर गुणिले बॅच गुणिले ४ केबी, हा गुणाकार या विद्यार्थिनीनं स्वतः फळ्यावर मांडला. व्याख्या पाठ करून हे हाती लागलं नसतं. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, आणि सोलापुरात बसून ओळ न् ओळ वाचता येतो. आपल्या मुलांनी तो वाचलाच पाहिजे.

६४ केबीची पानं असलेल्या मोठ्या मशीनवर पानांची संख्याच कमी, बॅच भरेना, आणि चालू प्रोग्रॅमसमोर 'टॉप' शून्य दाखवायचा. २०२५ मध्ये आकडा वाचताना सगळ्या वह्यांची बेरीज घेणं सुरू झालं. पण प्रत्येक नव्या प्रोसेससाठी कोअरइतक्या वह्या शिवायच्या, त्यात छोट्या प्रोग्रॅमचा वेळ जातो.

(संध्याकाळ. एकेक माग थांबतो.)

सहा वाजले. दिवाणजी पहिल्या मागापाशी आले. सुतळी सोडली, रेघा मोजल्या.