तांबटाची लय

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी रस्ते ओस पडतात, घरोघरी कूलर घरघरू लागतात, आणि तेव्हाही वडा-पिंपळाच्या शेंड्यावर एक पक्षी आपलं काम सोडत नाही. तांबट. हिरवा, गुबगुबीत, कपाळावर लाल टिळा. टुक्-टुक्-टुक् असा त्याचा आवाज मिनिटाला शंभराहून जास्त वेळा येतो, आणि दोन टुकांमधलं अंतर सहसा ढळत नाही. दुर्बिणीतून पाहाल तर आणखी एक गंमत दिसेल. आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते, गळा तेवढा फुगतो.

अंबाझरी तलावाच्या काठावर पक्षी बघायची मला जुनी सवय. तरी तांबटाची खरी ओळख तबल्याच्या वर्गाला जायला लागल्यावर झाली. तीनतालाच्या 16 मात्रा म्हणताना नवशिका हमखास पुढे पळतो. घरी रियाजाला बसलो की मी खिडकी उघडी ठेवू लागलो. तांबटाच्या एकेका टुकावर एकेक मात्रा, धा धिं धिं धा. पक्ष्याने ताल शिकवला आणि तालाने पक्षी ऐकायला शिकवलं. हे कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नसतं.

मला ऐकवणारे पुष्कळ भेटतात, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' एकाच विद्येला आयुष्य वाहणाऱ्यांपुढे मी मनापासून हात जोडतो. पण अनेक गोष्टींचा नाद असलेल्या माणसाच्या वाट्याला जे येतं, ते या म्हणीत मावत नाही. एक हुन्नर न बोलावता दुसऱ्याच्या मदतीला येतो.

आपली लांब पोळी घ्या. लोकवन गव्हाची कणीक इतकी सैल भिजवतात की ती हातात धरवत नाही. तिला मळून, आपटून तार आणायची, मग गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. ज्या मावशींकडे मी हे शिकतो, त्या म्हणतात, "भाऊ, ओढू नका तिला. हात ढिला सोडा, ते आपोआपच उतरते." आणि तबल्याचे गुरुजीही मनगट ढिलं सोडायलाच सांगतात! पुढे कुतूहलाने वाचलं तेव्हा कळलं, की पाणी घालून मळल्यावर गव्हातल्या प्रथिनांचं ग्लुटेन तयार होतं, म्हणून कणीक तुटत नाही, ताणली जाते. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. पोळीने मला रसायनशास्त्राच्या दाराशी नेऊन उभं केलं.

नागपूरकरांना डॉ. श्रीकांत जिचकारांची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. वैद्यक, कायदा, संस्कृत, आधी आयपीएस, मग आयएएस, आणि 1980 मध्ये आमदारकी. लोक त्यांच्या पदव्या मोजतात. मला त्यांची चित्रकला, छायाचित्रण आणि रंगभूमीची आवड जास्त जवळची वाटते, कारण तिथे परीक्षा नव्हती, गुणपत्रिका नव्हती. तिथे ते निव्वळ आनंदासाठी गेले असणार, असं मला वाटतं.

सध्या मी मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, गिरवतो आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, हात शक्यतो न उचलता. भोसल्यांच्या या गावात जुन्या घरांच्या ट्रंकांमधून मोडी कागद आजही निघतात. आपल्या पणजोबांचा हिशेब आपल्याला वाचता यावा, ही इच्छा मला फार मोलाची वाटते.

तुमच्या मनातही असं काही असेल. विणकाम, पोहणं, सायकलची दुरुस्ती, बंगाली भाषा. सामान विकत घ्यायची घाई करू नका. ते काम रोज करणारं माणूस आधी शोधा. महाल, इतवारी अशा जुन्या वस्त्यांत, तुमच्याच गल्लीत कुणी ना कुणी नक्की असेल. परवानगी मागून तासभर त्यांच्या शेजारी बसा आणि फक्त त्यांचे हात बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

नमस्कार.