पाचच मिनिटांत येते

[दृश्य : जाडजूड खातेवह्या, पेन्सिलीतलं मोठं, धावतं अक्षर.]

एक तरुण बाई नवऱ्याच्या मोटारीतून उतरून आईच्या घरात शिरते. नवरा बाहेर गाडीतच बसलेला. तो हॉर्न वाजवतो, ती आतून ओरडते, ‘आले, आले, पाचच मिनिटं!’ आत चौघांच्या गप्पा रंगल्यात. चौघंही बोलण्यात पटाईत, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. पाच मिनिटांचे चार तास होतात. बाहेर हॉर्न वाजतोच आहे.

एवढा प्रसंग लिहायला एका अमेरिकन कादंबरीकाराला ऐंशी हजार शब्द लागले. छापील दोनशे पानं. आपल्याकडे एवढ्यात आख्खी कादंबरी होते, वर प्रस्तावनाही मावते. इथे तो एका अवाढव्य कादंबरीतला किरकोळ प्रसंग होता. संवाद जिवंत होते, माणसं खरी होती, लेखक काही म्हणजे काही विसरला नव्हता. तरीही तो प्रसंग तिथे चालणार नव्हता.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण ते लेखकानेच सांगितलं. काय लिहिलं, काय कापलं, कापताना काय वाटलं आणि शेजारी कोण बसलं होतं, सगळं भर सभेत. पुढचा घोळ झाला तो त्या सांगण्यामुळे.

[दृश्य : ॲशव्हिल, नॉर्थ कॅरोलायना. ऐसपैस लाकडी घर, पुढे ओसरी.]

त्याचं नाव टॉमस वूल्फ. पांढऱ्या सुटात वावरणारा पत्रकार टॉम वुल्फ तो वेगळा, तो बराच नंतरचा. हा १९०० साली ॲशव्हिल नावाच्या डोंगराळ गावात जन्मला. वडील थडग्यांचे दगड घडवायचे. आई खाणावळवजा लॉज चालवायची, आणि हे घर तेच. घरात सतत परकी माणसं, त्यांची भांडणं, त्यांच्या कहाण्या. मुलगा साडेसहा फूट वाढला, हार्वर्डला जाऊन नाटक लिहायला शिकला. पण नाटकाला तीन तासांत पडदा पाडावा लागतो, आणि हे त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं. काही काळ न्यूयॉर्कमध्ये शिकवलं, आणि मग त्याने हिशेबाच्या वह्यांमध्ये कादंबरी लिहायला घेतली. टंकलिखित बाड झालं अकराशे चौदा पानांचं. नाव दिलं ‘ओ लॉस्ट’.

प्रकाशकांनी ते परत पाठवलं. शेवटी मॅडलिन बॉइड या एजंटबाईंनी ते स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेत मॅक्सवेल पर्किन्स या संपादकापर्यंत पोचवलं. पर्किन्सने त्याआधीच फिट्झजेराल्ड आणि हेमिंग्वे यांच्या कादंबऱ्या काढल्या होत्या. कचेरीतही डोक्यावर हॅट ठेवून बसणारा, कमी बोलणारा माणूस. त्याचं पत्र वूल्फला गाठेपर्यंत वूल्फ युरोपात पोचला होता, आणि म्युनिकच्या बिअरजत्रेत मारामारी करून डोकं फोडून घेऊन व्हिएन्नाला आला होता.

[दृश्य : न्यूयॉर्क, फिफ्थ ॲव्हेन्यू. स्क्रिब्नर्सच्या जुन्या इमारतीचा दर्शनी भाग.]

१९२९च्या जानेवारीत दोघं समोरासमोर बसले. पर्किन्सने एका प्रसंगाबद्दल बोलायला सुरुवात केली. एका वेश्यागृहाची मालकीण कबरीवर बसवायला दगडी देवदूत विकत घ्यायला येते, तो प्रसंग. वूल्फ घाईघाईने म्हणाला, हे छापता येणार नाही हे कळतंय मला, लगेच काढून टाकतो. पर्किन्स चकितच झाला. त्याला तर तो प्रसंग फारच उत्तम वाटला होता. तो स्वतंत्र कथा म्हणून त्यांच्याच मासिकात त्या ऑगस्टमध्ये छापून आलाही.

संपादकासमोर पहिल्यांदा बसलेला लेखक बहुधा असाच असतो. जे कापायला नको तेच कापायला तयार, आणि जे कापायचं त्याला मिठी मारून बसलेला. कापायची होती ती सुरुवात. नायकाच्या वडिलांचं बालपण, अमेरिकन यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईकडे निघालेलं सैन्य रस्त्याकडेला उभं राहून पाहणारी पोरं. लिखाण अव्वल होतं, ते पर्किन्सलाही शेवटपर्यंत आठवत राहिलं. पण त्याचं म्हणणं साधं होतं: ही कादंबरी युजीन नावाच्या मुलाच्या डोळ्यांनी दिसते, तेव्हा जे त्याने पाहिलेलं नाही ते इथे परकं वाटतं. वूल्फला पटलं. साठेक हजार शब्द गळले. नाव बदलून ‘लुक होमवर्ड, एंजल’ झालं, आणि ऑक्टोबर १९२९मध्ये, शेअरबाजार कोसळण्याच्या थोडं आधी, पुस्तक बाजारात आलं. ॲशव्हिलच्या लोकांनी त्यात स्वतःला ओळखलं आणि गाव असं खवळलं, की वूल्फ पुढे सात-आठ वर्षं तिकडे फिरकला नाही.

इथवर सगळं रीतसर होतं. दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट निराळी.

[दृश्य : ब्रुकलिनमधली विटांच्या घरांची गल्ली. रात्र.]

वूल्फ ब्रुकलिनमध्ये खोली घेऊन राहिला आणि चार वर्षं लिहीत सुटला. उंचीमुळे टेबल-खुर्ची त्याला कधीच जमली नाही, तो फ्रिजच्या टपावर कागद ठेवून उभ्याने लिहायचा असं सांगतात. कागद वाढत होते, पुस्तक दिसत नव्हतं. १९३३च्या डिसेंबरात पर्किन्सने त्याला सांगितलं, कादंबरी पूर्ण झाली आहे, घेऊन ये. वूल्फ म्हणाला, छे, कुठे पूर्ण झाली? पर्किन्स शांतपणे म्हणाला, झाली आहे. मग वूल्फने स्वतः बसून सगळे कागद पाहिले, आणि त्यालाही दिसलं, की सांगाडा उभा आहे.

मला हा क्षण सगळ्या काटछाटीपेक्षा मोठा वाटतो. शब्द कमी करणं चांगल्या मुद्रितशोधकालाही जमेल. लिहिणाऱ्यालाच न दिसलेलं पुस्तक त्याच्या ढिगाऱ्यात पाहणं आणि ‘आता पुरे’ म्हणणं, हे काम वेगळं. आणि धोक्याचंही, कारण त्या क्षणापासून पुस्तकाबद्दलचा निर्णय दोघांचा होतो.

१९३४चं जवळजवळ सगळं वर्ष दोघं रात्री कामाला बसत. आठवड्याचे सहा दिवस, साडेआठच्या सुमारास सुरुवात. आगगाडीचा प्रवास हा पहिला मोठा डोंगर. नायक, तोच युजीन, घर सोडून रात्रीच्या गाडीने उत्तरेकडे निघतो. यात काही पात्रांची ओळख करून द्यायची, गाडीच्या ठेक्यावर पुस्तकाची लय धरायची, एवढंच काम होतं. एक-दोन प्रकरणांत भागलं असतं. वूल्फने लाखावर शब्द लिहिले होते. पुढे त्याने कबूल केलं, की कापताना जीव कळवळायचा, आणि तरीही हे कापायलाच हवं हे त्याच वेळी दिसत असायचं. उत्तम लिहिलेलं पान फेकावं लागतं तेव्हाच संपादनाचा खरा कस लागतो. वाईट पान कोणीही फेकतं.

पण काम एकाच दिशेने चालत नव्हतं. पर्किन्स एक भाग कापायचा आणि सांगायचा, इथे जोडायला दोन पानं लिहून आण. वूल्फ दुसऱ्या दिवशी काही हजार शब्द घेऊन हजर. वडिलांच्या मृत्यूचंच पाहा. नायक त्या वेळी हार्वर्डला आहे, घरापासून शेकडो मैल दूर. पर्किन्सचा नियम जुनाच: युजीनला जेवढं कळलं तेवढंच लिही. तार येते, तो निघतो, संपलं. वूल्फने लिहून आणलं ते म्हाताऱ्याच्या आजारपणावर. पर्किन्स म्हणाला, छान आहे, पण इथे नको. वूल्फने मान डोलावली आणि पुढच्या खेपेला आणखी आणलं. मुलीचं डॉक्टरशी बोलणं, घरातली धावपळ, शेवटचे तास. ज्याच्या डोळ्यांनी कादंबरी दिसायला हवी, तो यात कुठेच नाही. नियमाप्रमाणे सगळं बाद. पण पर्किन्सने ते वाचलं आणि नियम बाजूला ठेवला. इतकं चांगलं लिहिलेलं सोडवेना, असं त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलं. आज ते मृत्यूचं प्रकरण कादंबरीतल्या सर्वोत्तम पानांत गणलं जातं.

ही हार पर्किन्सला शोभून दिसते. आपल्याकडे खटाववाडीतल्या मौज प्रकाशनाच्या कचेरीतून संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहायचे, कथा पुन्हा लिहायला लावायचे. त्यावर कृतज्ञतेने बोलणारे लेखक आहेत आणि चिडून बोलणारेही. संपादकाचं मत ठाम असावं लागतं, आणि लेखकाने त्याहून चांगलं काही आणलं तर ते सोडताही यावं लागतं. दुसरं फार थोड्यांना येतं.

शेवट मात्र घाईत झाला. वूल्फ काही केल्या थांबेना. प्रत्येक रात्री नवी भर. शरद ऋतूत तो शिकागोचं जागतिक प्रदर्शन पाहायला गेला, आणि तो गावाला असताना पर्किन्सने बाड छापखान्यात पाठवून दिलं. परत आल्यावर वूल्फ हबकला. अजून सहा महिने हवेत म्हणाला. पर्किन्स म्हणाला, सहा महिने दिले तर आणखी सहा मागशील. प्रुफं आली, ती टेबलावर तशीच पडून राहिली. वूल्फ त्यांना हात लावेना. अखेर स्क्रिब्नर्समधल्याच जॉन हॉल व्हीलॉक या कवी-संपादकाने ती वाचली. कादंबरीत मूळचा ‘मी’ बदलून ‘तो’ केला होता, त्यातले काही ‘मी’ तसेच छापले गेले. इथे माझं मत वूल्फच्या बाजूने पडतं. सहा महिने नसतील, पण प्रुफं त्याच्याकडून वाचून घेईपर्यंत थांबायला हरकत नव्हती.

[दृश्य : छापील पुस्तकाची अर्पणपत्रिका.]

‘ऑफ टाइम अँड द रिव्हर’ ८ मार्च १९३५ला आलं. नऊशे बारा पानं. अर्पणपत्रिका मॅक्सवेल पर्किन्सला. एका थोर संपादकाला, एका शूर आणि प्रामाणिक माणसाला, अशी भारावलेली. पर्किन्सला ती नको होती. संपादकाने पडद्यामागे राहावं ही त्याची धारणा. संपादक पुस्तकात काहीही भर घालत नाही, असं तो पुढेही म्हणत राहिला.

वूल्फ कुठला ऐकतोय! त्याच उन्हाळ्यात कोलोरॅडोतल्या बोल्डरला लेखकांच्या मेळाव्यात तो व्याख्यानाला उभा राहिला आणि सगळी कहाणी सांगून मोकळा झाला. आगगाडी, चार तासांच्या गप्पा, रात्रीची बैठक, पर्किन्सचा शांतपणा. पुढे तीच १९३६मध्ये ‘द स्टोरी ऑफ अ नॉव्हेल’ या छोट्या पुस्तकात आली. कादंबरी दुरुस्त होताना कादंबरीकाराच्या मनाचं काय होतं, याबद्दल इतकं उघडं लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही. त्यात हातचं काही राखलेलंच नाही.

आणि तेच एप्रिलच्या शेवटी बर्नार्ड डीव्होटो या समीक्षकाच्या हाती सापडलं. ‘सॅटर्डे रिव्ह्यू’तल्या त्याच्या लेखाचं नावच असं, की प्रतिभा पुरेशी नसते. त्याचा मुद्दा कारखान्याचा होता: कच्चा माल वूल्फ आणतो, त्याची जुळणी पर्किन्स आणि स्क्रिब्नर्समध्ये होते, मग कलावंत कोण? पुरावा म्हणून त्याला कुठे शोधायलाही जावं लागलं नाही. आरोपीचा जबाब छापील होता, आणि स्वखुशीने दिलेला.

डीव्होटो अर्धवट बोलत होता. वडिलांच्या मृत्यूचं प्रकरण कुठल्या जुळणीतून आलं होतं? पण वूल्फला तो बाण बरोबर वर्मी लागला. आपण एकट्याने पुस्तक उभं करू शकतो हे दाखवायला आता एकच मार्ग होता, पर्किन्सला सोडणं. इतरही कारणं होती, ती झाकायला नकोत. बदनामीचा खटला, वकिलांची बिलं, राजकारणावरून मतभेद, आणि स्क्रिब्नर्समधल्याच माणसांवर कथा लिहायची वूल्फची हौस. लांबच लांब पत्रं झाली. १९३७च्या अखेरीस त्याने हार्पर या प्रकाशकाशी करार केला. नवा संपादक एडवर्ड ॲस्वेल, वयाने वूल्फच्याच बरोबरीचा.

[दृश्य : आगगाडीच्या खिडकीतून पश्चिमेकडची माळरानं, मग डोंगर.]

१९३८च्या मे महिन्यात वूल्फने ॲस्वेलकडे प्रचंड मोठं बाड सोपवलं आणि तो पश्चिमेकडच्या दौऱ्यावर निघाला. हे पुस्तक नव्हतं, पुस्तकांचा ऐवज होता. परत आल्यावर बसून लावायचा होता. सिॲटलला तो आजारी पडला. इस्पितळातून १२ ऑगस्टला त्याने पेन्सिलीने पर्किन्सला एक छोटं, प्रेमाचं पत्र लिहिलं. १५ सप्टेंबरला बाल्टिमोरला, मेंदूत पसरलेल्या क्षयाने, तो गेला. अडतीसही पुरी झाली नव्हती.

मृत्युपत्र उघडलं तर व्यवस्थापक म्हणून नाव पर्किन्सचं. भांडण झालं तरी वूल्फने ते बदललं नव्हतं.

ॲस्वेलने त्या बाडातून दोन कादंबऱ्या काढल्या, १९३९ आणि १९४०मध्ये. मजकूर निवडला, कापला, पात्रांची नावं एकसारखी केली, सांधे जुळवायला काही मजकूर स्वतःही लिहिला. अभ्यासकांनी पुढे मूळ कागद समोर ठेवून ताडून पाहिलं, तेव्हा त्याचा आवाका कळला. ‘ओ लॉस्ट’ही २०००मध्ये, वूल्फच्या जन्मशताब्दीला, न कापलेलं छापलं गेलं, पर्किन्सने काय काढलं ते आता कोणालाही वाचून ठरवता येतं. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचली, माझं मत पर्किन्सकडे झुकतं. शेवटच्या दोन कादंबऱ्यांचा असा निवाडा मला करता येत नाही. पर्किन्सने दोन पानं मागितली की वूल्फ हजारो शब्द आणायचा, कापलं की परत घुसवायचा, आणि कधीकधी जिंकायचा. ॲस्वेल कापत होता तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती.