क्लिपर चिपमधले सोळा बिट

मंडळी, आजचा विषय आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांचा, म्हणजे संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला हे मेसेजिंग सेवेनं सांगावं, या सक्तीचा. त्याकडे येतोच. पण क्लिपर चिप सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही, कारण सरकारसाठी राखीव चावी हा प्रयोग अमेरिकेनं १९९३ मध्येच मांडला होता आणि तो कसा फसला हे आकड्यांनिशी समोर आहे.

फोनमध्ये सरकारमान्य चिप बसवायची. एन्क्रिप्शन, म्हणजे संभाषण कुलूपबंद करणं, स्किपजॅक नावाच्या पद्धतीचं; चावी ८० बिटांची, म्हणजे ८० शून्य-एकांची. शिवाय प्रत्येक चिपची स्वतःची चावी असायची. तिचे दोन भाग करायचे: एक वाणिज्य खात्याच्या मानक संस्थेकडे, दुसरा अर्थखात्याकडे. संभाषण सुरू होताना चिप १२८ बिटांचा तुकडा पाठवायची. त्यात चिपच्या चावीनं बंद केलेली त्या संभाषणाची चावी, ८० बिट. चिपचा क्रमांक, ३२. आणि उरलेल्या १६ बिटांत चेकसम, म्हणजे तुकडा खरा आहे का हे पडताळायचा आकडा. पोलिसांनी तुकड्यातला क्रमांक पाहून दोन्ही खात्यांकडून भाग आणायचे आणि संभाषण ऐकायचं. तुकडा आला नाही किंवा चेकसम चुकला, तर समोरची चिप बोलायलाच नकार देणार.

आता त्या १६ बिटांकडे बघा. बेल लॅब्जच्या मॅट ब्लेझनं १९९४ मध्ये दाखवलं की खरा तुकडा पाठवायची गरजच नाही. मनाला येतील ते १२८ बिट भरायचे आणि चेकसम जुळतो का, हे जवळच्याच दुसऱ्या चिपवर तपासत राहायचं. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ शक्यता. सरासरी तेवढ्या प्रयत्नांत, अशी चिप असलेल्या तेव्हाच्या संगणक-कार्डावर साधारण ४२ मिनिटांत, एक खोटा तुकडा पास होतो. एन्क्रिप्शन पूर्ण ताकदीनं चालतं आणि पोलिसांच्या हाती निव्वळ कचरा येतो. फोनवर एवढा वेळ कोणी थांबणार नाही, कबूल. पण ई-मेलला आणि फायलींना कसली घाई? ज्याला लपवायचं होतं तो निसटला. सरळमार्गी माणसाची चावी मात्र खात्यांच्या ताब्यात. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

दुसरा धोका, राखीव वाट भलत्याच्याच हाती लागण्याचा, अथेन्समध्ये दिसला. २००४-०५ मध्ये व्होडाफोनच्या एक्स्चेंजमधली कायदेशीर टॅपिंगची सोय कुणीतरी परस्पर चालू केली आणि ग्रीसच्या पंतप्रधानांसह शंभरावर फोन ऐकले.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा नियम भरभर सांगतो. नियम ४(२): ५० लाखांहून जास्त सदस्यांच्या मेसेजिंग सेवेला आदेश आला, की संदेशाचा पहिला प्रेषक ओळखून देता आला पाहिजे. व्हॉट्सॲप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आहे. संदेशाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणितानं काढलेला छोटा ठसा, साठवा, असं काही जण सुचवतात. एक स्वल्पविराम बदलला की हॅश पार वेगळा. संदेशासोबत प्रेषकाची खूण पाठवली, तर मजकूर कॉपी करून चिकटवणारा नवा ‘पहिला’ ठरतो. मूळ प्रेषक परदेशात असेल, तर भारतातला पहिला माणूसच नियमानं पहिला प्रेषक. आणि आदेश कुठल्या संदेशाबद्दल येईल हे आधी ठाऊक नसतं, म्हणून नोंद प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाची ठेवावी लागते.