जी पेशी झडली नाही

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर जांभळ्या-गुलाबी रंगाची जी जाळी दिसते आहे, ती माणसाच्या मोठ्या आतड्याच्या अस्तराची चकती आहे. केसाहून कितीतरी पातळ अशी ही चकती रंगवून काचेवर बसवलेली आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी यातली एकेक खोली म्हणजे वरून पाहिलेली एकेक सूक्ष्म विहीर असून तिला क्रिप्ट असे म्हणतात. निरोगी आतड्यात अशा एक कोटीहून अधिक विहिरी असतात आणि प्रत्येकीच्या भिंतीवर साधारण 2000 पेशी दाटीने बसलेल्या असतात. विहिरीच्या अगदी तळाशी मोजक्या मूळपेशी असतात. त्या विभागल्या की नव्या पेशी भिंतीवरून वर सरकू लागतात, सरकता सरकता पाणी शोषण्याचे किंवा श्लेष्मा तयार करण्याचे काम शिकतात आणि चार-पाच दिवसांत काठावर पोहोचून झडून जातात.

हे झडणे शरीराच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. आतड्याच्या अस्तराला दिवसरात्र अन्नाचे अवशेष, जिवाणू आणि निरनिराळी रसायने यांचा सामना करावा लागतो. तिथल्या एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये बिघाड झाला, तरी ती आठवड्याभरात वाहून जाणार असल्यामुळे तिचा बिघाडही तिच्याबरोबर जातो. कर्करोगापासून आपले रक्षण करणाऱ्या यंत्रणांची चर्चा होते तेव्हा प्रतिकारशक्तीचे नाव आधी घेतले जाते. मात्र आतड्यापुरते बोलायचे तर पहिला पहारा या साध्या वाहत्या रांगेचा आहे, असे म्हणावे लागेल.

तळाच्या मूळपेशी मात्र जागेवरच राहतात, आणि म्हणून चुका साठतात त्या तिथेच. माणसाच्या प्रत्येक पेशीत वडिलांकडून आलेला एक आणि आईकडून आलेला एक असे जनुकीय मजकुराचे दोन संच असतात आणि प्रत्येक संचात सुमारे 3 अब्ज अक्षरे असतात. विभाजनापूर्वी हा सगळा मजकूर नव्याने उतरवावा लागतो. उतरवणारी यंत्रणा कमालीची अचूक आहे, झालेल्या चुका ती स्वतःच दुरुस्तही करते, तरीही काही निसटतातच. आतड्याच्या एका मूळपेशीत वर्षाला साधारण 40 नवे बदल साठतात, म्हणजे साठाव्या वर्षी त्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेलेली असते. यांपैकी बहुतेक बदल कसलाही परिणाम न करणाऱ्या जागी पडतात. कर्करोगाचे निदान झालेली व्यक्ती अनेकदा डॉक्टरांना विचारते, की माझे नेमके काय चुकले. तंबाखू, मद्य किंवा काही विषाणू यांमुळे धोका वाढतो हे निर्विवाद आहे. पण या प्रश्नाचे उत्तर देताना हेही सांगायला हवे, की ज्यांचे काहीही चुकलेले नाही त्यांच्या पेशींतही अशा चुका रोज होत असतात.

आता अशी एक मूळपेशी डोळ्यांसमोर आणू, जिच्यात एपीसी नावाच्या जनुकाची एक प्रत बिघडली आहे. एपीसीपासून बनणारे प्रथिन पेशीला विभाजन थांबवून वर सरकायला लावणाऱ्या यंत्रणेचा भाग असते. एक प्रत गेली तरी दुसरी काम निभावून नेते, त्यामुळे बाहेरून काहीच फरक जाणवत नाही. 1971 मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचा अभ्यास करून, अशा रक्षक जनुकांवर दोन आघात व्हावे लागतात, असे अनुमान मांडले होते आणि ते खरे ठरले. ज्या कुटुंबांत एपीसीची एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते, तिथे दुसरा आघात पुरेसा होतो. अशा व्यक्तींच्या आतड्यात किशोरवयापासूनच शेकडो गाठी उगवू लागतात.

दोन्ही प्रती गेल्या की पेशी वर सरकायचे आणि झडायचे विसरते. ती विहिरीतच मुक्काम ठोकते, विभागत राहते आणि शेजारच्या निरोगी मूळपेशींना मागे सारते. 2021 मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत या मागे सारण्याची रीत उघड झाली. एपीसी गमावलेल्या पेशी असे प्रथिन स्रवतात, की त्यामुळे शेजारच्या निरोगी मूळपेशींचे मूळपेशीपणच संपते आणि त्या वर सरकून झडून जातात. पाहता पाहता ती सगळी विहीर एकाच पेशीच्या वंशजांची होते.

काही वर्षांनी कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीच्या, पडद्यावर जो लहानसा, गुलाबी, देठावर उभा असलेला पॉलिप (अस्तरावरची गाठ) दिसतो, तो या मुक्कामाचा परिणाम असतो. बहुतेक पॉलिप आयुष्यभर पॉलिपच राहतात. ज्यांचा कर्करोग होतो, त्यांनाही बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. मोठ्या आतड्याच्या बाबतीत हा पायऱ्यापायऱ्यांचा प्रवास एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी 1990 मध्ये सुसंगतपणे मांडला. तारेचा फास टाकून असा पॉलिप काढला जातो, तेव्हा हा दहा वर्षांचा प्रवास काही मिनिटांत मध्येच तोडला जातो.

पुढची पायरी अनेकदा केरास या जनुकाची असते. हे जनुक विभाजनाची कळ म्हणून काम करते: बाहेरून वाढीचा निरोप आला की कळ दाबली जाते, काम झाले की ती आपोआप सुटते. या कुळातील जनुकांविषयी 1982 मध्ये लागलेला शोध आजही थक्क करून सोडतो. माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगातून मिळालेले जनुक आणि निरोगी पेशीतील तेच जनुक शेजारी ठेवून वाचले गेले, तेव्हा दोहोंतला निर्णायक फरक एका अक्षराचा निघाला. डीएनएच्या मजकुरात ‘जी’ (G) या अक्षराच्या जागी ‘टी’ (T) आले होते, त्यामुळे प्रथिनातील बाराव्या स्थानी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन बसले होते, आणि एवढ्यानेच दाबलेली कळ सुटेनाशी झाली होती. मोठ्या आतड्याच्या सुमारे 40 टक्के कर्करोगांत केरासमध्ये असाच बदल आढळतो.

येथे ‘जुळवून घेणे’ या शब्दाविषयी थोडे थांबून बोलणे भाग आहे, कारण तो सहज फसवतो. पेशीला हेतू नसतो. तिला संकट दिसत नाही आणि त्यावर ती उपायही योजत नाही. पेशींच्या मोठ्या समूहात निरनिराळे बदल घडत असतात. परिस्थिती बिकट झाली की ज्यांच्यातला बदल त्या परिस्थितीत कामी येतो त्या टिकतात आणि बाकीच्या मरतात. कर्करोग ही शरीराच्या आत, काही वर्षांत घडणारी उत्क्रांती आहे, असे पीटर नोवेल यांनी 1976 मध्ये मांडले. पुढे जे काही घडते ते या दृष्टीने पाहिले तरच उलगडते. मात्र एक भर घालायला हवी: टिकून राहण्यासाठी लागणारी बहुतेक साधने पेशीला नव्याने घडवावी लागत नाहीत. जखम भरून काढण्याची, उपासमारीत तग धरण्याची, गर्भावस्थेत एका जागेहून दुसरीकडे जाण्याची कला प्रत्येक पेशीच्या मजकुरात लिहिलेली असते. अवेळी आणि अस्थानी तीच पाने उघडली जातात.

गाठ वाढते तसे तिच्या मध्यभागी ऑक्सिजन पोहोचेनासा होतो. रक्तवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन एक-दोन केसांच्या जाडीएवढे अंतरच ओलांडू शकतो, त्यापलीकडच्या पेशी गुदमरू लागतात. निरोगी पेशीतही ऑक्सिजन कमी झाल्याचे ओळखणारी यंत्रणा असते. तिच्या शोधासाठी 2019 चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ही यंत्रणा जागी झाली की पेशी रक्तवाहिन्यांना आपल्याकडे वाढण्याचा निरोप पाठवते. जखम भरताना हाच निरोप उपकारक असतो. नव्या वाहिन्यांशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, असे ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये सांगितले, तेव्हा ते फारसे कुणाला पटले नव्हते. गाठीत आलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे औषधही तिथे नीट पोहोचत नाही.

अन्नाचा वापरही पालटतो. निरोगी पेशी ऑक्सिजनच्या साहाय्याने ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जेचे सुमारे 30 रेणू मिळवते, तर अनेक कर्कपेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोज अर्धवट जाळून जेमतेम दोनच मिळवतात. ऑटो वॉरबुर्ग यांच्या हे 1920 च्या दशकात लक्षात आले आणि पेशीची भट्टीच बिघडली असावी, असे त्यांना वाटले. बहुतेक कर्करोगांत ती शाबूत असते हे नंतर कळले. अर्धवट जळालेल्या ग्लुकोजमधला कार्बन नव्या पेशीचे पापुद्रे आणि नवे डीएनए बांधायला उपयोगी पडतो, म्हणून हा उधळा वाटणारा व्यवहार वाढत्या गाठीला परवडतो. रुग्णाची पेट चाचणी याच भुकेवर आधारलेली आहे. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य शिरेतून दिले जाते, तासाभराने ते जिथे साठलेले असेल तिथे पडद्यावर ठिपका उजळतो. मेंदू आणि मूत्राशय नेहमीच उजळतात, ते पाहून घाबरण्याचे कारण नसते.

याच वाटेवर पी-53 हे जनुकही बहुधा निकामी होते. डीएनएला इजा झाली की विभाजन रोखणे, आणि इजा भरून येण्याजोगी नसेल तर पेशीला मरण पत्करायला लावणे, हे पी-53 चे काम असते. माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत त्यात बिघाड सापडतो. तो अडसर निघाला, की मोडकी, जादा किंवा एकमेकांना चुकीची जोडलेली गुणसूत्रे घेऊनही पेशी विभागत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशींची केंद्रके मोठी, गडद आणि बेढब दिसतात. बायोप्सी तपासणाऱ्या डॉक्टरांची नजर आधी तिथेच जाते. गुणसूत्रांच्या या गोंधळाचा कर्करोगाशी संबंध असावा, हे थिओडोर बोव्हेरी यांनी 1914 मध्येच लिहून ठेवले होते.

एवढ्या विचित्र पेशी प्रतिकारशक्तीला दिसत नाहीत का? दिसतात, आणि कित्येक मारल्याही जातात. ज्या उरतात त्या बहुधा टी-पेशींना, म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या प्रतिकारपेशींना, ताकास तूर लागू न देणाऱ्या असतात. काहींनी स्वतःची ओळख पटवणारी प्रथिने पृष्ठभागावर मांडणे बंद केलेले असते. काही पीडी-एल-1 हे प्रथिन दाखवतात, जे निरोगी ऊती एरवी टी-पेशींना आवरण्यासाठी वापरतात. त्याहून वेदनादायक गोष्ट म्हणजे, गाठीत आलेल्या भक्षक पेशी पुष्कळदा तिला जखम समजून तिच्या वाढीलाच हातभार लावतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार असतो.

गाठ सोडून बाहेर पडायचे तर शेजाऱ्यांशी असलेली पकड सुटावी लागते. अस्तरातील पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. ते कमी झाले की पेशी लांबट होते, रांगू लागते आणि रक्तात शिरते. गर्भाची घडण होताना पेशी याच रीतीने प्रवास करतात. रक्तातला हा प्रवास बहुतेकींना मात्र जमत नाही. 1970 मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या, तेव्हा 24 तासांनी हजारातून जेमतेम एक जिवंत सापडली. आतड्याकडून येणारे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून आतड्याच्या कर्करोगाचे पुढचे ठाणे बहुधा तिथे पडते. तिथे बस्तान बसवताना पेशी पुन्हा शेजारणींना धरून राहू लागते. काही पेशी मात्र वर्षानुवर्षे विभागतच नाहीत, दबा धरून असतात.

येथवर पोहोचलेली गाठ एकजिनसी राहिलेली नसते. चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने 2012 मध्ये मूत्रपिंडाच्या गाठीचे निरनिराळे भाग वेगवेगळे तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश बदल सगळ्या भागांत सारखे नव्हते. एका सुईने घेतलेला नमुना म्हणजे सबंध गाठ नव्हे, हे त्यानंतर नाकारता आले नाही.

उपचाराच्या वेळी याचा प्रत्यय येतो. केरासमध्ये बदल नसलेल्या आतड्याच्या कर्करोगात, वाढीचा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरच अडवणारी प्रतिपिंडे देता येतात. गाठी आकसतात, पण काही महिन्यांनी पुष्कळ रुग्णांत पुन्हा वाढू लागतात. मरणाऱ्या कर्कपेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात, ते वाचून 2012 मध्ये असे दिसले, की अशा 24 रुग्णांपैकी 9 जणांच्या रक्तात उपचारादरम्यान केरासचे बदल उगवले होते. गणिताने मागे जाऊन पाहिले, तेव्हा या बदलांच्या पेशी औषध सुरू होण्यापूर्वीच मूठभर संख्येने हजर असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. औषधाने त्यांना घडवले नव्हते; त्यांच्याशी जागेसाठी झगडणाऱ्या पेशी तेवढ्या मारल्या होत्या.

2015 मध्ये याच निरीक्षणाची दुसरी बाजू समोर आली. औषध थांबवल्यावर, रक्तातले केरास-बदलाचे तुकडे महिन्यामहिन्याने कमी होत गेले, कारण औषध नसताना त्या पेशींना कसलाच विशेष लाभ उरला नव्हता आणि आधीच्या पेशी पुन्हा वरचढ ठरू लागल्या होत्या. आता काही रुग्णालयांत परीक्षानळीभर रक्तावरून हा चढउतार मोजला जातो. बदल रक्तात सापडेनासा झाल्यावर काही रुग्णांना तेच औषध पुन्हा देण्यात आले, आणि त्यांच्यापैकी काहींच्या यकृतातील गाठी दुसऱ्यांदा आकसल्या.